पोळपाटाचे वकीलपत्र

दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी घराघरांतून एक खटला निकालात निघतो. माळ्यावरची रद्दी, तडा गेलेली बरणी, काड्या मोडलेली छत्री यांच्या जोडीला स्वयंपाकघरातले एखादे लाकूडही आरोपी म्हणून अंगणात येते. कधी तो काळवंडलेला पोळपाट असतो, कधी विळीचा पाट, कधी आजीच्या हातची काठवट, तर कधी भाजी चिरायची साधी फळी. आरोप एकच: लाकूड घाण धरते. साक्षीपुरावा होत नाही, आरोपीला तोंड नाही आणि शिक्षा आधीच ठरलेली. नरकचतुर्दशीच्या पहाटे तो पोळपाट बंबात जळतो, त्याच्यावर तापलेल्या पाण्याने आपण पवित्र होतो, आणि पाडव्याच्या खरेदीत प्लॅस्टिकची एक रंगीत फळी घरी येते.

त्या मुक्या आरोपीचे वकीलपत्र मी आज घेत आहे. फीची अपेक्षा नाही. फराळाच्या ताटावरून घटकाभर लक्ष इकडे द्यावे, एवढेच मागणे.

वकिलाची पात्रता विचाराल, तर ती बेताचीच आहे. मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यात मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु पोळपाट ओळखायला पदवी लागत नाही. डोळे आणि हात पुरतात. आणि ज्यांच्याकडे पदव्या आहेत त्यांनीही या आरोपीच्या बाजूने काय सांगितले आहे, ते पुढे येईलच.

आधी आरोपीची ओळख करून देतो. इंग्रजांच्या स्वयंपाकघरात चिरायला एक फळी असते आणि तिच्यावर सारे भागते. आपल्याकडे तेच काम चौघांत वाटलेले होते. भाजी चिरायची ती विळीवर. तिच्या लाकडी पाटावर पाय रोवून बसले की पाते हलत नसे. भाकरीचे पीठ मळायचे आणि थापायचे ते काठवटीत. आमचा भाग ज्वारीचा. इथे काठवटीवाचून घर म्हणजे दाव्यावाचून गोठा! पोळी पोळपाटावर, आणि त्याच पोळपाटावर दिवाळीत शंकरपाळ्यांवर सुरी फिरायची, करंज्यांच्या कडेने कातणे फिरायचे, वड्या पाडल्या जायच्या. चौथी ती फळी. ती मागाहून आली. चूल जाऊन ओटा आला, बसून करायचा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला, तेव्हा विळी कोपऱ्यात गेली आणि सुरीबरोबर फळी आली. नावे चार, पण जात एकच. म्हणून मी एकासाठी बोलतो आहे ते चौघांसाठी समजावे.

आता पहिला आरोप: लाकूड घाण धरते.

हा आरोप ऐकायला इतका सरळ वाटतो की त्याची उलटतपासणी घ्यावी असे कोणाच्या मनातही येत नाही. लाकडाला छिद्रे असतात, छिद्रांत ओल जाते, ओलीत जंतू वाढतात. झाला आरोप सिद्ध! प्लॅस्टिक गुळगुळीत, तेव्हा ते निर्दोष. नेमकी हीच समजूत मनात धरून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि त्यांचे सहकारी कामाला लागले होते. लाकडी फळी प्लॅस्टिकइतकी सुरक्षित कशी करता येईल, हे त्यांना शोधायचे होते. अन्नातून विषबाधा करणारे जंतू त्यांनी मुद्दाम दोन्ही प्रकारच्या फळ्यांवर सोडले आणि काय होते ते पाहिले. १९९४ साली ते प्रयोग प्रसिद्ध झाले.

नवी कोरी प्लॅस्टिकची फळी धुऊन सहज स्वच्छ झाली, हे कबूल केले पाहिजे. वकिलाने खोटे बोलू नये. परंतु सुरीचे चरे पडलेली प्लॅस्टिकची फळी हाताने कितीही घासली तरी स्वच्छ होईना. जंतू चऱ्यांत दडून बसले. लाकडाचे उलटे झाले. ओल आत शोषली जाताना जंतूही तिच्याबरोबर आत ओढले गेले, पृष्ठभागावर पुन्हा सापडेनासे झाले, आत त्यांची वाढ झाली नाही, आणि लाकूड सुकत गेले तसे ते मरत गेले. ज्या छिद्रांना आपण दोष देत होतो ती छिद्रेच जंतूंची कोठडी निघाली!

या निष्कर्षांवर पुढे विद्वानांत वाद झाले आणि व्हावेतही. लाकूड हे काही गंगाजल नव्हे. पण अमेरिकेचे शेतकी खाते, जे अन्नाच्या बाबतीत फार धास्तावलेले असते, तेसुद्धा घरातल्या लाकडी फळीला हद्दपार करीत नाही. फळी लाकडाची असो वा प्लॅस्टिकची, खोल चरे पडून धुता येईनाशी झाली की टाकून द्या आणि कच्च्या मांसासाठी निराळी फळी ठेवा, इतकेच ते सांगते. हा सल्ला आपणही घ्यावा. ज्या फळीवर मटण कापले तिच्यावरच मागाहून कोशिंबिरीची काकडी चिरली, तर लाकूड काय आणि सोने काय, कोणीच वाचवणार नाही.

आता या साऱ्या प्रयोगातला एक बारीक शब्द वाचकांनी मनात धरावा: 'सुकत गेले तसे.' माझ्या अशिलाची सारी भिस्त त्या एका शब्दावर आहे. सुकलेले लाकूड निरोगी, सदा ओले लाकूड रोगी. म्हणून दुसऱ्या आरोपाकडे वळतो.

दुसरा आरोप असा, की लाकूड कुजते, तडकते आणि वाकडे होते. हा आरोप खरा आहे. फक्त गुन्हेगार चुकीचा पकडला आहे.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. झाड उभे असताना मुळांचे पाणी शेंड्याला जाते ते असल्याच नळ्यांतून. झाड तोडले तरी नळ्या राहतात आणि पाणी पिण्याची सवयही राहते. आमच्या गावचा म्हातारा सुतार हे माझ्यापेक्षा थोडक्यात सांगतो: "लाकूड मेलं तरी पाणी पितंय, मास्तर. किती पाजायचं ते आपल्या हातात." पाणी प्याले की लाकूड फुगते, पाणी गेले की आकसते, आणि हे फुगणे-आकसणे लांबीत जवळजवळ होतच नाही, होते ते रुंदीत. आता फळी एका अंगाने भिजवून तशीच ओल्या ओट्यावर टाकून दिली, तर खालचे अंग फुगते, वरचे सुकते, आणि फळीची होडी होते. पोळपाट मोरीत खरकट्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवला, तर तो पोटभर पाणी पितो आणि सकाळी घाईघाईने वैशाखाच्या उन्हात टाकला, की बाहेरून लवकर सुकतो, आतून ओला राहतो. नळ्यांची तोंडे उघडी असतात ती टोकाला. तिथून ओल झपाट्याने जाते, म्हणून पहिली चीर पडते ती टोकालाच. रात्री बुडवायचे, सकाळी भाजायचे आणि वर म्हणायचे, लाकूड टिकत नाही! माणसाला असे वागवले तर तो तरी टिकेल काय?

लाकूड टिकते की नाही, याची साक्ष आमच्याच जिल्ह्यात आहे. धाराशिवजवळ तेर म्हणून गाव आहे. गोरोबाकाकांचे म्हणून वारकरी त्याला ओळखतात. सातवाहनांच्या काळी 'तगर' या नावाने तिथल्या मालाची कीर्ती समुद्रापार गेली होती. तिथे उत्तरेश्वराचे विटांचे प्राचीन देऊळ आहे. त्या देवळाची कोरीव लाकडी चौकट गावातल्या लामतुरे संग्रहालयात आहे. शाळेची सहल घेऊन गेलो की मुले आधी मातीच्या बाहुल्यांपुढे आणि शंखाच्या बांगड्यांपुढे गर्दी करतात. मी त्यांना हटकून त्या चौकटीपुढे उभे करतो आणि सांगतो, बाळांनो, हे लाकूड आहे. कित्येक शतके गेली, राज्ये गेली, भाषा बदलली, आणि सुताराच्या पटाशीची खूण अजून बोटाला लागेल इतकी ताजी आहे. एवढे टिकणारे लाकूड आपल्या घरी येऊन दोन वर्षांत कुजते, तेव्हा शोध लाकडाचा घ्यावा की घराचा?

आणि मग तिसरा आरोप येतो, जो कोणी उघड बोलत नाही पण तोच खरा असतो: लाकडाची निगा कोण राखणार? वेळ कोणाला आहे?

निगा म्हणजे किती, त्याचा हिशोबच मांडतो.

काम झाले की फळी लगेच धुवावी. कढत पाणी, थोडा साबण, काथ्याचा किंवा नारळाच्या शेंडीचा घासणा. धुताना दोन्ही अंगे ओली करावीत, म्हणजे दोन्ही सारखी फुगतील आणि सारखी सुकतील. मग फडक्याने पुसून फळी काठावर उभी करावी, भिंतीला टेकून, दोन्हीकडून वारा लागेल अशी. सावलीत. झाले! यात फार तर दोन मिनिटे जातात. कांदा-लसणाचा वास राहिलाच, तर जाडे मीठ टाकून लिंबाच्या फोडीने चोळावे आणि धुवावे. पावसाळ्यात काळे ठिपके दिसू लागले, तर फळीला हवा कमी पडते आहे असे समजावे आणि तिची जागा बदलावी.

महिना-दोन महिन्यांनी तेल. पण कोणते? इथे बहुतेक घरांत घोटाळा होतो. हाताशी असते म्हणून शेंगदाण्याचे तेल चोळतात. ते सुकत नाही. लाकडात चिकट राहते आणि काही दिवसांनी खवट वास मारू लागते. मग पुन्हा शिवी लाकडालाच! लाकडाला हवे ते सुकणारे तेल, म्हणजे जे हवेने आपोआप घट्ट होऊन नळ्यांची तोंडे बुजवते. जवसाचे तेल तसे आहे. चित्रकार ते रंगात मिसळतात ते याच गुणासाठी. करडईचे तेलही त्याच कुळातले, जरा संथ. ज्वारीच्या वावरात करडईचे पाटे घालणाऱ्या आमच्या मराठवाड्याला हे औषध परगावाहून आणायला नको. घाण्यावरचे जवसाचे तेल घ्यावे, कोरड्या फळीवर पातळ हात फिरवावा, अर्ध्या तासाने उरलेले पुसून काढावे आणि फळी काही दिवस उभी ठेवून पुरती सुकू द्यावी. रंगाच्या दुकानातले 'उकळलेले' जवसाचे तेल मात्र स्वयंपाकघरात आणू नये. ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. आणखी एक सावधगिरी: जवसाच्या तेलाने माखलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ते तेल सुकताना तापते आणि गोळा करून टाकलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते मोकळे पसरून वाळवावे किंवा पाण्यात भिजवून मग टाकावे. दिवाळीत पेटवायला फुलबाज्या पुरेत.

खरेदी करतानाही दोन गोष्टी पाहाव्यात. एकसंध लाकडाची फळी घ्यावी आणि ती झाडाच्या गाभ्याची असावी. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला किडा लवकर लागतो. साग टिकाऊ खरा, पण त्याच्या अंगात वाळूसारखा अंश असतो आणि सुरीची धार लवकर उतरते. चकचकीत रंग दिलेला पोळपाट दिवाणखान्यात शोभेल. त्यावर सुरी चालवली तर रंगाचे टवके पोटात जातील.

एवढीच निगा. वेळ नाही म्हणणाऱ्यांनी हा हिशोब दिवसातून आपण इतरत्र जी मिनिटे उधळतो त्यांच्या शेजारी मांडून पाहावा.

आता प्रतिवादीच्या जागी जिला आणून बसवले आहे, तिचीही थोडी चौकशी करू. प्लॅस्टिकची फळी स्वस्त, हलकी, रंगीत. पण तिच्यावर रोज सुरी चालते, चरे पडतात, मग त्या चऱ्यांतले प्लॅस्टिक कुठे जाते? २०२३ साली अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी फळ्यांवर गाजरे चिरून हे मोजले, आणि प्लॅस्टिकच्या फळीतून सूक्ष्म कण सुटून अन्नात मिसळतात, असे दाखवले. प्रामाणिकपणे सांगायचे तर लाकडी फळीतूनही लाकडाचे कण सुटले, संख्येने अधिकच सुटले. आणि प्लॅस्टिकच्या त्या कणांनी उंदराच्या पेशींचे काही वाईट झाल्याचे त्या पहिल्या तपासणीत दिसले नाही. तेव्हा मी घाबरवीत नाही. मी एवढेच विचारतो: लाकडाचा कण मातीत पडला तर त्याची माती होते. प्लॅस्टिकच्या कणाचे काय होते? आणि तो कण माझ्या मुलांच्या पोटात घालण्याची मला गरज काय, जेव्हा घरात पोळपाट आहे?

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. चरे पडलेल्या प्लॅस्टिकच्या फळीला उकिरड्यावाचून गती नाही. चरे पडलेली लाकडी फळी सुताराकडे न्या. तो तिच्यावर चार वेळा रंधा फिरवतो, आणि आतून नवी कोरी फळी बाहेर येते. जी वस्तू आपल्या पोटातून पुन्हा तरुण होऊन निघते, तिला जुनाट म्हणायचे आणि जी एकदाच म्हातारी होते तिला आधुनिक म्हणायचे, हा कोणता न्याय?

सुताराचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकतो. बारा बलुत्यांत सुताराचा मान मोठा. नांगर, तिफण, कुळव, गाडीचे चाक, घराचे दार, सारे त्याच्या हातून निघे आणि खळ्यावर त्याचे बलुते ठरलेले असे. नांगर ट्रॅक्टरने नेला, चाक टायरने नेले, दारे लोखंडाची आणि प्लायवूडची झाली. राहता राहिले पोळपाट, लाटणे, काठवट, रवी आणि विळीचा पाट. हे धाकटे धंदेही आपण काढून घेतले तर त्याच्या हातात राहील काय? त्याची मुले केव्हाच पुण्याच्या बसमध्ये बसली आहेत. ज्या दिवशी तो गेला, त्या दिवशी चिरलेला पोळपाट सांधायचा कसा आणि कोणत्या झाडाचा गाभा कशाला चालतो, हे सांगणारा माणूस गावातून गेला. ही विद्या माझ्या शाळेच्या कोणत्याही पुस्तकात नाही.

परंतु वकिलाने आपल्या बाजूच्या लोकांनाही सोडू नये. 'आमच्या आजीने कधी काठवट धुतली नाही, आणि ती नव्वद वर्षे जगली,' असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. आजी काठवट धूत नसेल, पण उलथन्याने खरवडून, पुसून, भिंतीशी उभी करून ठेवत होती, हे ते सांगायला विसरतात. आमच्या दुष्काळी भागात पाणी मोजून वापरावे लागे; त्यातून ती रीत निघाली. तिच्यातले खरवडणे सोडले आणि न धुणे तेवढे ठेवले, तर पोळपाटाच्या पायांशी वाळलेले पीठ साचते आणि रात्री झुरळांची पंगत बसते. असल्या पोळपाटाला संस्कृती म्हणून कवटाळणारे आणि त्याला घाण म्हणून जाळणारे, दोघे एकाच आळसाची जुळी भावंडे आहेत. एक परंपरेच्या नावाने हात हलवीत नाही, दुसरा सुधारणेच्या नावाने.

शेवटी एक प्रश्न माझ्या भगिनी मला विचारतील आणि त्यांचा तो हक्क आहे. 'मास्तर, हे धुणे, पुसणे, तेल लावणे पुन्हा आमच्याच गळ्यात ना?' नाही! हेच सांगायला तर मी लेखणी उचलली. खंडेनवमीला आम्ही पुरुष नांगर, कोयता, मोटारसायकल यांची पूजा करतो, त्यांना तेलपाणी करतो आणि त्यांची निगा हे आपले काम मानतो. ज्या पोळपाटावर आमची भाकरी-पोळी होते, तोही अवजारच आहे. मोटारसायकलच्या साखळीला न सांगता तेल घालणाऱ्या हाताला फळीला तेल घालायला लाज का वाटावी? स्वयंपाक करणारीने राबावे आणि राबण्याच्या अवजाराची काळजीही तिनेच करावी, ही वाटणी लाकडाइतकीच जुनी आहे; पण लाकडासारखी टिकवून ठेवण्याजोगी नाही.

तेव्हा न्यायाधीश वाचकहो, माझे म्हणणे संपले. तडा आरपार गेला असेल, किडीचा भुगा पडत असेल, कूज आतवर पोचली असेल, तर पोळपाट खुशाल निरोपावा; त्याचे आयुष्य झाले. पण नुसता काळा पडला म्हणून, शेजारणीकडे रंगीत फळी आली म्हणून, जाहिरातीतल्या बाईच्या ओट्यावर तो दिसला नाही म्हणून त्याला बंबात घालू नका. यंदा फराळाचे डबे भरून झाले, शंकरपाळ्यांचा शेवटचा घाणा निघाला, की घरातल्या कर्त्या पुरुषाने बाह्या सावराव्यात, पोळपाट दोन्ही अंगांनी धुवावा, पुसावा आणि सावलीत उभा करावा. भाऊबीज उरकली की जवसाच्या तेलाचा एक हात द्यावा. आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत तो पुन्हा अंगणात आला, तर तो आरोपी म्हणून न येता ऊन-वारा खायला आलेला घरचा माणूस म्हणून यावा.